बर्फाच्या फळ्यांची जोडी

मुक्ताच्या कॅफेत शिरलात की उजव्या भिंतीवर दोन दणकट खिळे दिसतात. त्यांवर काहीच टांगलेलं नाही. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, आणि ती हसून माझ्याकडे बोट दाखवते, कारण मी बहुतेक वेळा कोपऱ्यात फुकटची कॉफी पीत बसलेला असतो. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकतो. तेवढीच कॉफी गरम पिता येईल.

मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. पुण्यातली बरी नोकरी सोडून ती मनालीला गेली आणि काही हिवाळे तिथे स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानात रमली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्नोबोर्ड म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीची, दोन्ही टोकांना वर वळलेली, तळाला गुळगुळीत फळी. तिच्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी जखडून घ्यायचे आणि बर्फाच्या उतारावरून स्वतःला सोडून द्यायचं. माझा जन्म बँकेत गेला, आणि घसरणाऱ्या माणसाकडे आम्ही नेहमी संशयानेच पाहत आलो. त्यामुळे या खेळाबद्दल माझं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

यंदा उन्हाळ्यात ती कायमची परत आली. कॅफे काढायचं ठरलं. आणि त्याच्या भिंतींवर, बाकांना, फडताळांना जुने स्नोबोर्डच लावायचे, हेही ठरलं. टाकाऊतून टिकाऊ. आता जुने स्नोबोर्ड मिळावेत कुठे? तर परभणी जिल्ह्यात.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या मालकाने झिजलेले बोर्ड फेकायला काढले, तेव्हा बालाजी नावाचा परभणीकडचा एक ट्रकवाला सफरचंदं भरायला तिथे आला होता. मनालीत मराठी ऐकून मुक्ताने त्याला चहा पाजला. त्याने जाताना सहा बोर्ड मागून घेतले आणि पेट्यांखाली ट्रकच्या तळाला अंथरले. सफरचंदं परभणीच्या बाजारात उतरली, बोर्ड त्याच्या गावी. मुक्ताने स्वतःचा बोर्ड तेवढा ठेवला. लाल, मधोमध पिवळा पट्टा. त्याच्याच जोडीचा, तसाच लाल एक बालाजीकडे गेला होता. हे दोन भिंतीवर शेजारी शेजारी उभे टांगायचे, असं तिचं स्वप्न.

तिने बालाजीला तिच्या बोर्डाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "याच्या जोडीचा तुमच्याकडे आहे का अजून?"

लगेच फोन आला. "हाय की ताई! समद्याच हायत. कवाबी या."

या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. कॅफेचं सामान लावण्यात मुक्ता गुंतलेली, म्हणून आणायला मला धाडलं. बरोबर तिचा लाल बोर्ड दिला. नमुना म्हणून फोटो पुरला असता, पण मेथी आणायला जाऊन शेपू आणणारा माणूस अशी माझी घरात ख्याती आहे.

परभणी

स्टेशनबाहेर पाऊस भुरभुरत होता. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. आमच्याकडे त्यांना गौरी म्हणतात आणि निम्मं सामान दुकानातून आयतं येतं. इथे मात्र बाजारात शेवंतीचे ढीग, मुखवट्यांवरचे मुकुट, नव्या कोऱ्या साड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या बायका. माझ्या काखेत माणसाएवढी लाल फळी.

"इस्त्रीचा टेबल हाय का हो?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी त्याला बर्फ, डोंगर, उतार, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकवार चिखलाकडे पाहिलं.

"मंग हितं कशाला आणलाव?"

बोर्ड रिक्षात आडवा मावेना, उभा टपाखाली बसेना. शेवटी एक टोक माझ्या मांडीवर आणि दुसरं रस्त्यावर काढून आम्ही बसस्टँड गाठलं. वाटेत त्या टोकाने एका सायकलवाल्याची टोपी उडवली. त्याने टोपी उचलली, फळीकडे पाहिलं आणि शिव्या द्यायच्या सोडून ही कसली फळी म्हणून चौकशी केली.

पेडगाव

फाट्यावर बालाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, हसरा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. माझ्या हातातला बोर्ड पाहून त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. मला वाटलं, मनालीची आठवण आली असेल.

"फळ्या न्यायला आलोय," मी म्हणालो. "काका, आदी चहा."

हॉटेल म्हणजे पत्र्याची टपरी. पुढच्या बाकावर चार माणसं. बाक निळ्या रंगाचं, दोन्ही टोकांना वर वळलेलं. मी वाकून खाली पाहिलं. पहिला स्नोबोर्ड. दोन दगडी खांबांना चांगला खिळे ठोकून बसवलेला.

"ह्ये काका पुण्याहून आलेत, फळ्या न्यायला," बालाजी म्हणाला.

"न्या की! तुमचीच हाय," हॉटेलवाला म्हणाला. चारी माणसांनी माना डोलावल्या. "न्या, न्या." उठलं मात्र कुणी नाही. चहा आला, तो झाल्यावर दुसरा आला. त्यातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की या बाकावर बसलं की पाठ दुखत नाही, डॉक्टरचा इलाज थांबला. त्यानंतर बाक मागायला माझी जीभ रेटेना.

पुण्यात नाही म्हणायचं असेल तर आम्ही दारावर पाटी लावतो. इथे दोन दिवसांत मला एकानेही नाही म्हटलं नाही, आणि माझ्या हाती काही लागलंही नाही. दुसरा बोर्ड गटारावर पूल होऊन पडला होता. मी पाहत असताना त्यावरून एक म्हातारी, दोन शेळ्या आणि दप्तर सावरणारी एक मुलगी गेली. तिसरा म्हशींच्या दावणीला कड म्हणून लावलेला. चौथा शेंगा वाळवायला माळवदावर, घराच्या सपाट छतावर. पाचवा रौफभाईंच्या इस्त्रीच्या दुकानात. त्यांनी एक टोक करवतीने कापून, वर घोंगडी आणि चादर ताणून झकास टेबल केलं होतं. रिक्षावाल्याचा अंदाज एवढा चुकला नव्हता.

"ले जाओ साब, आपकाच माल है," रौफभाई कोळशाची इस्त्री बाजूला ठेवत म्हणाले. टेबलावर महालक्ष्म्यांच्या साड्यांची चळत होती. "बस ये कपडे हो जाने दो."

कपडे होणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मुक्ताला फोन लावून अहवाल दिला. ती खो खो हसली. "बाबा, माझ्या कॅफेपेक्षा बरा वापर झालाय की. असू देत. लाल तेवढा आणा."

"लाल कुठाय?" मी बालाजीला विचारलं.

"आखाड्यावर. मायपशी." त्याने खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमी आलाव, लय बरं झालं बगा. माय कवाची वाट बगायलीय."

रात्री त्याच्या बायकोने, रुक्मिणने, धपाटे आणि घट्ट दही वाढलं. मी मोजायचं सोडून दिलं तरी ती वाढतच होती. त्याची माय माझी वाट का बघत असावी, हे खाण्याच्या नादात विचारायचं राहून गेलं.

आखाडा

आखाडा म्हणजे शेतातलं घर, गोठ्यासकट. गावापासून फार लांब नाही. उन्हाळ्यात गप्पा मारत जाता येईल एवढंच. पण मधली वाट काळ्या रानातली, आणि पावसाळ्यात ते रान पाय धरतं. दर पावलाला बुटाखाली मातीची एक नवी टाच तयार होत होती. थोड्या वेळाने माझा डावा बूट आत राहिला आणि मी पुढे आलो. बालाजीने कोपरापर्यंत हात घालून तो शोधला, सापडला नाही. मग मी उजवाही काढला. वाटेत एक ट्रॅक्टर चाकांच्या मध्यापर्यंत रुतलेला होता. पाऊस उघडल्यावर काढणार, असं बालाजीने सहज सांगितलं.

गोठ्याच्या दाराशी बाजेवर सुंदराबाई बसल्या होत्या. बालाजीची आई. देह भरभक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज म्हशींना परतवणारा, आणि दोन्ही गुडघे सुजून कामातून गेलेले. शेजारी त्यांचे मालक, तात्या, बैलांच्या दोऱ्या वळत होते. मागे भिंतीला लाल बोर्ड टेकवलेला, पिवळ्या पट्ट्याचा.

माझ्या काखेतला बोर्ड दिसताच सुंदराबाईंनी हात जोडले. मला नव्हे, बोर्डाला.

"आली का बाई जोडीची! बसा भाऊ, बसा. चिखलानं लय बेजार केलं आसंल."

तात्या उठले. त्यांनी माझ्या हातून बोर्ड घेतला, त्यांच्या बोर्डाशेजारी उभा केला, विती लावून मोजला. "बराबर," ते म्हणाले आणि बैलाची थोपटावी तशी दोन्ही फळ्यांची पाठ थोपटली.

मी बालाजीकडे पाहिलं. तो बोटांनी बाजेची सुतळी उसकत होता.

मग हळूहळू उलगडा झाला. सुंदराबाई घराण्यातल्या थोरल्या सूनबाई. महालक्ष्म्या गावातल्या घरी बसतात, धाकट्या जावेकडे. आवाहनाच्या दिवशी थोरलीचा मुखवटा थोरल्या सुनेने हातात घेऊन आत आणायचा, धाकटीचा धाकटीने. दारात आतून विचारतात, कोण आली? बाहेरून सांगायचं, महालक्ष्मी आली. कशानं आली? सोन्याच्या पावलानं आली. लग्न होऊन आल्यापासून हे उत्तर सुंदराबाईंनी दिलं. गुडघे गेले, वाटेत चिखल, आणि गेली तीन वर्षं त्यांच्या जागी जावेची सून उभी राहते.

"पावसाळ्याआधीच गावात जाऊन राहायचं," मी पुणेरी तोडगा सुचवला.

"म्हशी कोन बघंल?" त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आन् जावंचं नि मपलं तीन दिस पटतंय. चौथ्या दिशी न्हाई."

बैलगाडीची चाकं रुततात. बालाजीने चौघांना आणून बाज खांद्यावर घेऊन न्यायचं म्हटलं होतं. त्यावर सुंदराबाईंचं उत्तर साऱ्या गावाला पाठ आहे. "जित्तेपनी चौघांच्या खांद्यावर जायची न्हाई मी."

म्हणून गेल्या वर्षी बालाजीने लाल बोर्डावर खुर्ची बांधली आणि बैल जुंपले. फळी चिखलावरून सुरेख निघाली. ओढ्याच्या काठावर मात्र तिरकी झाली, आणि थोरल्या सूनबाई खुर्चीसकट आडव्या. कुणाला लागलं नाही. पण बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. त्या दिवशी जाऊबाई हसल्या होत्या, आणि ते हसू सुंदराबाईंच्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

"एकट्या फळीचं कामच न्हाई त्ये," तात्या म्हणाले. "एका बैलावर औत चालतंय का? जोडी पायजे. एका मापाची." बाकीच्या पाच फळ्या आखूड निघाल्या, म्हणूनच बालाजीने त्या वाटून टाकल्या होत्या. "तवर ताईचा फोटो आला."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. एकच बैल असलेला शेतकरी दुसऱ्या एकबैल्याला विचारतो, याच्या जोडीचा तुमच्याकडे आहे का? इकडे त्याचा अर्थ एकच होतो. जुंपू या. याला सावड म्हणतात. तुझा एक, माझा एक, दोघांचं रान नांगरून होतं. मुक्ताचा निरोप आखाड्यावर तसाच वाचला गेला होता. पुण्याची एक ताई स्वतःची फळी सावडीला पाठवते आहे, तीही महालक्ष्म्यांच्या तोंडावर! माझ्या येण्याची वाट का बघत होते, ते कळलं. बालाजीला पहिल्याच दिवशी, मी फळ्या न्यायला आलोय म्हणालो तेव्हा, शंका आली होती. पण मायला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. आता माझीही होईना.

मी बाहेर, शेणाच्या ढिगाऱ्याशी जिथे रेंज येते तिथे जाऊन उभा राहिलो आणि मुक्ताला सगळं सांगितलं.

त्या बोर्डावर ती पडायला शिकली, उठायला शिकली, हे मला ठाऊक होतं. मला त्या फळीचा वर्षानुवर्षं राग होता. हिनेच पोरगी पळवली, असं मी मनात म्हणत आलो. ती भिंतीवर खिळ्यांना टांगली जाणार, याचा मुक्तापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता. एकदा ती टांगली की पोरगी कुठे जात नाही, असा माझा हिशेब. आता पोरीचा हिरमुसलेला श्वास ऐकू आला, आणि मला माझ्या त्या आनंदाची लाज वाटली.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तळाला मेण आहे का?"

"कशाला?"

"कोरड्या तळाने चिखल चिकटेल आणि परत उलटतील त्या! मेण गरम इस्त्रीने जिरवावं लागतं. इस्त्री आहे का कुणाकडे?"

इस्त्री होती. तासाभरात आम्ही दोन्ही लाल बोर्ड खांद्यावर घेऊन पुन्हा तो चिखल तुडवत रौफभाईंच्या दुकानात होतो. त्यांनी साड्यांची चळत उचलून ठेवली. एका स्नोबोर्डावर दुसरा स्नोबोर्ड उताणा पडला. किराण्यातून मेणबत्त्या आणल्या. मुक्ता फोनच्या पडद्यावरून सांगत होती. "चाचा, इस्त्री थांबवू नका, सरकवत राहा, नाहीतर तळ जळेल."

"बेटी, जरीच्या साडीपे हात बैठेला है मेरा," रौफभाई म्हणाले. मेण वितळून चकाकत पसरलं. बाहेर गर्दी जमली. फळीला इस्त्री करतात हे पाहून एकाने दुसऱ्याला गंभीरपणे सांगितलं की बर्फात सुरकुत्या चालत नसाव्यात.

वेशीपर्यंत

आवाहनाचा दिवस. पाऊस थांबला होता, चिखल नव्हता थांबला. बालाजीने दोन्ही फळ्या समांतर ठेवून वर दोन आडवे दांडे आवळले आणि त्यावर बाज बांधली. मी आणलेल्या बोर्डावर पाय अडकवायच्या पट्ट्या अजून होत्या. रुक्मिणने त्या निरखल्या. दोन पावलांच्या जागा, एकीमागे एक. तिने काही न विचारता दोन्हींवर हळद-कुंकू वाहिलं. "ही तर पावलांची हाय," ती सासूला म्हणाली. सुंदराबाईंनी मान डोलावली, जणू त्यांना हे आधीपासून माहीत होतं. फळी परत न्यायचा विषय माझ्याकडून त्या क्षणी कायमचा संपला.

सुंदराबाई हिरवी नऊवारी नेसून, नथ घालून बाजेवर बसल्या. दोन्ही बाजूच्या दांड्या घट्ट धरल्या. तात्यांनी बैलांना हाक दिली, आणि ते सगळं प्रकरण काळ्या चिखलावरून सरसर निघालं. मी अनवाणी मागे, हातात फोन. पडद्यावर मुक्ता कॅफेतल्या अर्धवट रंगवलेल्या भिंतीपुढे उभी.

रुतलेला ट्रॅक्टर मागे पडला. त्याच्याकडे सुंदराबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. मग ओढ्याचा काठ आला. तात्यांनी बैल आवरले. फळ्या उतारावर मागून रेटायला लागल्या, बाज डावीकडे कलली. बालाजी धावला.

"बाबा, त्यांना सांगा गुडघे वाकवा!" मुक्ता ओरडली.

"माय, गुडघे वाकवा!" मी ओरडलो.

"वाकले आस्ते तर चालत गेले नसते का!" सुंदराबाई गरजल्या, आणि उजवीकडे सगळा देह झोकून दिला. डावी फळी चिखलात दबून पुन्हा वर आली. बैलांनी ओढ घेतली आणि ओढ्यातलं पाणी उडवत सारं लटांबर पलीकडे चढलं.

फोनमधून मुक्ताचा आवाज फुटलेला आला. "अगदी बरोबर केलं त्यांनी. मला ते जमायला पूर्ण एक हिवाळा लागला होता." ती रडत होती की हसत होती, ते चिखल उडालेल्या पडद्यावर दिसलं नाही. मी मात्र रडत होतो. तात्या पुढे बघत होते म्हणून बरं.

वेशीपासून पोरं मागे लागली. हॉटेलातले चौघे त्या निळ्या बाकावरून उठून उभे राहिले. मी तिथे होतो तेवढ्या वेळात त्यांना उठलेलं मी हे एकदाच पाहिलं. रौफभाई दुकानाच्या पायरीवर येऊन फळ्यांच्या तळाकडे वाकून बघत होते.

गावातल्या घरी अंगणभर रांगोळीची पावलं. आंबिलीचा आंबूस वास, सोळा भाज्यांची धांदल. जाऊबाई उंबऱ्याच्या आत हातात थाळी-चमचा घेऊन उभ्या. बालाजीने आणि रुक्मिणने दोन्ही बाजूंनी धरून मायला उभं केलं. तुळशीपाशी थोरलीचा मुखवटा घेऊन जावेची सून तयारच होती. तिने सासूकडे पाहिलं, मग सुंदराबाईंकडे, आणि मुखवटा त्यांच्या हातात दिला. जाऊबाईंनी मागे उभ्या बैलांकडे, चिखलाने माखलेल्या बाजेकडे आणि खालच्या दोन लाल फळ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ जरासे हलले. गेल्या वर्षीचं हसू असावं.

थाळी वाजली.

"कोन आली?"

"म्हालक्ष्मी आली."

"कशानं आली?"

सुंदराबाईंनी मुखवटा छातीशी धरला. सोन्याची पावलं त्यांच्या जिभेवर आयुष्यभर होती. या वेळी त्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घसरत आली. पन उलटली न्हाई."